घोडं अडतं कुठं?

भातझोडणी आटपून पेंढा माळ्यावर गेला, की माणगावच्या आसपासच्या खाचरांत घाटावरचे धनगर उतरायचे. फलटण, माण, बारामती अशा कोरड्या मुलखातली माणसं. ताम्हिणी उतरून निजामपूरच्या बाजूनं यायची. पुढं मेंढरं आणि पुरुष, मागं घोडी आणि बायका, ही वाटणी त्यांच्यात ठरलेली. घोडीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असे: घोंगड्या, मेंढरं कोंडायची वाघर, पातेली, पिठाची गोणी, पाय बांधलेल्या कोंबड्या, झोळीत कालपरवा जन्मलेलं कोकरू, आणि कधीकधी सगळ्यांच्या वर उन्हात डोळे बारीक करून बसलेलं एखादं पोर.

शेतात मेंढरं बसवली की खताची सोय व्हायची. बदल्यात आजोबा भात मोजून द्यायचे. सगळा व्यवहार तोंडी. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबाच होतं, रायगड झालं ते १९८१ मध्ये. हायवेवर ट्रक असत, पण कळप रस्ता ओलांडेपर्यंत ड्रायव्हर विडी पेटवून थांबे, इतपतच घाई त्या रस्त्याला होती.

मला मेंढरांपेक्षा घोडी बघायची हौस. घोडा म्हणजे आमच्या डोक्यात इतिहासाच्या पुस्तकातला, मान कमानदार आणि पुढचा पाय उचललेला. ही घोडी ठेंगणी, पोटाळ, धुळीच्या रंगाची, मान खाली घालून आपल्याच तंद्रीत चालणारी. ‘यापेक्षा गाढवं बरी’ असं गावातली मंडळी खुशाल म्हणत. त्या ‘गाढवां’ना जानेवारी २०२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. नाव भीमथडी. मराठ्यांच्या फौजेनं जी तट्टं पार उत्तरेपर्यंत दौडवली, राजा बढे यांच्या आपल्या राज्यगीतात ज्यांचा उल्लेख आहे, ती ही. जात नामशेष झाली असं पुष्कळांनी धरून चाललं होतं. ती टिकली कुठं, तर धनगरांच्या बिऱ्हाडाखाली.

ती टिकली कशी, हे मी लहानपणी बघितलं होतं.

संध्याकाळी तळ पडला की पुरुष वाघर लावायला जात. बाई घोडीवरचं ओझं उतरवी, पण चूल लगेच पेटत नसे. आधी एकेका घोडीचा पाय गुडघ्यात वाकवून ती मांडीवर घेई. हातात वाकवलेला जाड खिळा. खुराच्या तळव्यात अडकलेली माती, खडा, काटा ती उकरून काढी. मग बोटानं तळवा दाबून बघे. घोडीनं पाय झटकला की तिथंच पुन्हा दाबे. शेवटी खुरावर तळहात ठेवून थोडा वेळ नुसतीच बसे. एकदा माझ्या आजीनं तिला विचारलं, “बाय, आधी चहा तरी घे. घोडी काय पळून जाते?”

“आजी, आत्ता खडा निघाला तर सकाळच्याला चालतीय. सकाळी बघाय गेलं तर पाय सुजल्याला असतो. मग हे समदं कुणाच्या डोक्यावर देऊ?”

तळहात ठेवून ती काय बघत होती, ते पुढं एका पशुवैद्यांकडून कळलं. खुरात दाह सुरू झाला की खूर गरम लागतो. चारही खुरांना हात लावायचा, तीन गार आणि एक गरम लागला की दुखणं तिथं आहे. घोट्याच्या मागं, दोन्ही अंगांना, बोट ठेवलं तर नाडी लागते. निरोगी पायात ती जेमतेम जाणवते, दुखऱ्या पायात ठणठण उडते. परेलच्या पशुवैद्यक महाविद्यालयात १८८६ पासून मुलं शिकतायत, तिथलाही पहिला धडा हाच आहे: यंत्राच्या आधी हात. धनगरीण तो धडा कुठल्याही पुस्तकाशिवाय गिरवत होती, आणि रोज.

या ‘रोज’ला फार किंमत आहे. घोड्याचा खूर म्हणजे आपलं नख. महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूचा खूर वरपासून खालपर्यंत नवा व्हायला वर्षभर लागतं. आज चुकीचा कापलेला खूर पुढं कित्येक महिने त्रास देतो. शिवाय घोड्याच्या वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे लंगडणं बहुतेक वेळा पुढूनच सुरू होतं. तळव्याच्या मधोमध रबरी चपलेसारखी लवचिक त्रिकोणी गादी असते. पाऊल टेकलं की ती दबते, धक्का झेलते आणि पायातलं रक्त वर ढकलायला हातभार लावते. घोडं चालत राहिलं की खुराला रक्त मिळतं, बांधून ठेवलं की ते मंदावतं. त्या धनगरांची घोडी बिननालाची असत. दगडातून, माळरानातून आणि शेतातून सतत चालून त्यांचे खूर आपोआप झिजत आणि टणक राहत. पाऊस लागायच्या आत, आगोटीपूर्वी, बिऱ्हाड पुन्हा घाट चढून जाई. माणगावात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या चिखलात चार महिने उभ्या घोड्याचा तळवा कुजतो, गादीतून काळा, घाण वासाचा स्राव येतो. धनगरांनी त्यावर औषध शोधलं नाही, ते पावसाआधी निघून जात. यापेक्षा चांगला उपाय अजून कुणाला सापडलेला मला ठाऊक नाही.

आणि ही काळजी काही धनगरांचीच नव्हती. आमच्या माणगावच्या पूर्वेला रायगड. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे, त्यात दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. पाणी पाजणारा आणि पाय बघणारा. पावसाळ्यात छावणीला आलेल्या घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधं, गवतानं शाकारलेल्या पागा आधीच तयार ठेवल्या जात. चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, हा त्यातला भाग आपण भाषणात ऐकतो. त्याच पत्रात वैरण आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील, आणि दिव्याची पेटती वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंतचा विचार आहे. तो भाग भाषणात येत नाही, कारण त्यात आवेश नाही, नुसती तजवीज आहे. राज्य मात्र तजविजीवर चालत होतं.

माणगावच्या बाजारातही एक नालबंद बसायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. त्यांचं खरं गिऱ्हाईक बैल. गाडीच्या बैलांना पत्री मारायला लोक लांबून यायचे. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, एकानं शिंगांवर बसायचं, मग चाचा खुराच्या दोन्ही फाकांना दोन वेगळ्या पत्र्या ठोकत. घोडा आला की मात्र पाडापाडी बंद. घोडा उभ्यानंच. चाचा आधी मालकाला सांगत, “जरा चालवून आण.” मालक चालवून आणी. चाचा घोड्याच्या पायाकडे बघतच नसत, ते मान बघत. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकला की घोडा मुंडी वर उचलतो, चांगला पाय टेकला की खाली आणतो. मग कानस, वाकड्या पात्याची सुरी, हातोडी. खिळा कुठून घातला आणि कुठून बाहेर काढला यावर सगळं कसब. खूर बाहेरून मेलेला असतो आणि आतून जिवंत. दोहोंतलं अंतर काही मिलिमीटरचं. खिळा जरा आत गेला की घोडा दोन दिवसांत लंगडतो. चाचा हातोडीच्या आवाजावरून सांगत, खिळा कठीण भागात चाललाय की मऊ भागात. दर दीड-दोन महिन्यांनी नाल काढून खूर कापून पुन्हा मारायचा, नाल झिजलेला नसला तरी, असं त्यांचं म्हणणं. नाल झिजत नाही म्हणून खूर वाढायचा थांबत नाही.

इथवर वाचून जुन्या काळाला दंडवत घालायची इच्छा होईल. जरा थांबा. लंगडं जनावर चाचांच्या हाताबाहेर गेलं की पुढं काय व्हायचं, तेही सांगायला हवं. लोखंडी सळई लाल करून सांध्यावर डाग द्यायचे. बिब्बा उतवून सुजेवर लावायचे, कातडं फुटून पाणी वाहायचं, आणि ‘रोग बाहेर पडतोय’ म्हणून सगळे माना डोलवायचे. जनावर डागानंतर महिनाभर काम करू शकत नसे, त्या सक्तीच्या विश्रांतीनं पाय बरा होई आणि नाव व्हायचं डागाचं. तळव्यात खिळा घुसला तर तो उपटून गरम तेल ओतत आणि वर कापूस कोंबून भोक बंद करत. धनुर्वाताच्या जंतूंना याहून सोयीची जागा नाही, कारण ते हवा नसलेल्या जखमेतच वाढतात. घोडा हा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणाऱ्या जनावरांपैकी एक, आणि ते जंतू त्याच्याच लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. जबडा मिटलेलं, शेपूट ताठ झालेलं, आवाजानं दचकणारं घोडं ज्यानं पाहिलंय तो जुन्या काळाचे गोडवे जरा बेतानंच गातो. आज धनुर्वाताची लस मिळते, ती वेळेवर टोचली की हा विषय संपतो. क्ष-किरणानं आतलं हाड दिसतं, तालुक्याला पशुवैद्यकीय दवाखाना आहे, १९६२ हा क्रमांक फिरवला तर फिरतं पथक दारात येण्याची सोय आहे. आजोबांच्या काळात यातलं काही नव्हतं.

नव्या औषधांनीही घोळ घातले. नव्वदच्या दशकात लंगड्या, तापल्या जनावरांना डायक्लोफिनॅक टोचायची पद्धत पडली. स्वस्त आणि गुणकारी. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात ९० टक्क्यांहून जास्त घटली. माणगावच्या शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडांची वसाहत राखायला महाडच्या सिस्केप संस्थेला इतकी वर्षं खपावं लागलं, त्याचं एक मूळ जनावरांच्या दुखऱ्या पायाशी जातं. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. त्याऐवजी वापरायचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही.

आता घोडी कुठं आहेत म्हणाल, तर खाचरांतून ती किनाऱ्यावर गेली. धनगर अजून येतात, पण बिऱ्हाड पुष्कळदा टेम्पोतून उतरतं. खाचरांचे फार्महाऊस झाले, त्यांना कुंपणं पडली, मेंढरं बसवायला शेत उरलं नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचा पनवेल-इंदापूर टप्पा २०११ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून माणगावची वाहतूककोंडी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या कोंडीत आता कळपासाठी कोण थांबतो? आणि त्या गाड्या जातात कुठं, तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, काशीद, मुरूड. तिथं वाळूत रंगीत गोंडे लावलेली घोडी उभी असतात. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत पाण्यातून घोडागाड्या जातात.

या घोड्यांचं दुखणं वेगळं. सोमवार ते शुक्रवार ती खुंट्याला, आणि शनिवार-रविवार सकाळपासून दिवे लागेपर्यंत पळतात. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या कोड्याचं उत्तर आपण लहानपणी पाठ केलंय: न फिरवल्यामुळे. ते शब्दशः खरं आहे. पाच दिवस पूर्ण दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा सहाव्या दिवशी एकदम दौडवला की त्याच्या मागच्या अंगाचे स्नायू दगडासारखे आवळतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते, पाऊल उचलत नाही. मालकाला वाटतं घोडं माजलं. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करून रोज तासभर चालवलं तर हे बहुतेक टळतं. दाणा अति झाला तर आणखी एक दुखणं येतं, लॅमिनायटिस. खुराच्या आतली हाड धरून ठेवणारी पातळ पडद्यांची वीण सुजते. घोडा पुढचे पाय पुढं ताणून, सगळं वजन मागं टाकून उभा राहतो. पर्यटक म्हणतात, काय ऐटीत उभा आहे!

जमीनही बदलली. किनाऱ्यावरची ओली, घट्ट वाळू पायाला चांगली. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू वाईट, तिच्यात पाऊल रुततं आणि शिरा ताणल्या जातात. पण गिऱ्हाईक मिळतं ते वरच्या वाळूत, टपऱ्यांपाशी. आणि मुक्कामाला जायचं ते काँक्रिटच्या रस्त्यानं. माथेरान हे याचं मोठं उदाहरण. १८५० मध्ये ह्यू मॅलेटनं ते ‘शोधलं’ तेव्हापासून तिथं मुख्यतः पायी नाहीतर घोड्यावर फिरायचं. मोटारींना अजून बंदी आहे. लाल मातीचे रस्ते पावसात वाहून जातात म्हणून पेव्हर ब्लॉक आले आणि अश्वपालांनी तक्रार केली की त्यांवरून नालाचे पाय घसरतात. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पर्यावरण, ई-रिक्षा, रोजगार, सगळ्या बाजूंनी युक्तिवाद झाले. माझं मत विचाराल तर लाल माती घोड्याला पेव्हर ब्लॉकपेक्षा केव्हाही बरी, मग रस्ता दरवर्षी करावा लागला तरी चालेल.

नालबंदाचं तर नावच काढू नका. माणगावच्या बाजारातली चाचांची जागा कधीच गेली. बैल गेले, पॉवर टिलर आले. बैल गेले म्हणून पत्री मारणारा गेला, आणि तो गेल्यावर घोडेवाल्यांची पंचाईत झाली. बैलांच्या पैशावर घोड्यांचा नालबंद जगत होता, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता नाल मारणारा माणूस बाहेरून येतो, येईल तेव्हा येतो. तोवर खूर वाढत राहतो, नाल आखूड पडतो, टाच चेपते. एका किनाऱ्यावर घोडेवाल्या मुलाला मी विचारलं, नाल कधी बदलला? तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “काका, पडला की बदलतो.” पोरगा वाईट नाही. घोडा त्याचा नाही, मालकाचा. रोजचे पैसे मालकाला द्यायचे, उरले ते आपले. धनगरणीचं अख्खं घर त्या पायांवर चालत होतं. या पोराचं काहीच त्या पायांवर चालत नाही. औषधं सुधारली, डॉक्टर आले, पण संध्याकाळी पाय मांडीवर घेणारं माणूस गेलं, आणि ते गेल्यावर डॉक्टरकडे घोडा पोचतो तोच मुळी फार उशिरा.

कायदा आहे. लंगड्या जनावराला कामाला जुंपणं १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत टट्टूच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो लिहिली आहे. दिवसाला ९ तासांहून जास्त काम नाही, सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर गेला तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. धनगरणीची घोडी मर्यादेहून जास्त ओझं वाहत असेलही, पण ते ओझं पाठीवर सारखं बसवलेलं असे आणि मेंढराच्या चालीनं जाई. किनाऱ्यावर नव्वद किलोचा गृहस्थ लगामाला लोंबकळत, टाचा मारत घोडा पळवतो आणि बायको व्हिडिओ काढते. तिथं नियम वाचून दाखवायला कुणी उभं नसतं.

तेव्हा सुट्टीत आमच्या बाजूला याल, तेव्हा एवढं करा. घोड्यावर बसण्याआधी मालकाला सांगा, जरा दहा पावलं चालवून दाखव. पायाकडे नको, मानेकडे बघा. मुंडी वरखाली होत असेल, किंवा उभ्या घोड्यानं पुढचा एक पाय पुढं काढून अलगद टेकवला असेल, तर बसू नका, आणि का बसत नाही ते त्याला स्पष्ट सांगा. मागचा पाय सैल सोडून उभा असेल तर काळजी नको, तो विसावलाय. पोरांना बसवायचं तर एकेकाला बसवा, दोघांना नको. स्वतःचं वजन ७० किलोच्या वर असेल तर घोड्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढा. पैसे तेवढेच द्या.